रॅस्मीसाठी, तीन आठवड्यांच्या बोलीवर

पुढच्या मंगळवारी वाचनालयाची गाडी येणार नाही,
फेरीबोट दुरुस्तीला जातेय.
म्हणून आजच घे.
खुनाच्या कादंबऱ्या संपल्यात तुझ्या,
या फळीवरच्या सगळ्या प्रेतांना तू आता नावानिशी ओळखतोस.
हे घे. निळ्या पुठ्ठ्याचं. जरा फुगलंय,
कुणीतरी टबात बसून वाचलं असावं.

नाक मुरडू नकोस.
मलाही वाटलं होतं, शहरातली बाई,
चार दिवस येल बेटावर राहणार
आणि आपल्यालाच समुद्र समजावणार.
पहिली चाळीस पानं तशीच आहेत, खोटं कशाला बोलू:
नवरा, वकील, विकलेलं घर, रडणं.
ती सरळ उलट. एकसष्टाव्या पानावर ये.

तिथे ती ऑक्टोबरच्या रात्री, ओहोटीला,
ओल्या खडकावर उपडी पडली आहे.
जमाखर्च तपासनीस,
दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरलेली,
आणि नाकापुढे एक लिंपेट,
कुणीतरी अंगठ्याने लिंपून ठेवल्यासारखा.
तो हलतो.
शेवाळ खरवडत वीतभर जातो, थांबतो,
मग वळतो, आणि पाणी चढायच्या आत परत,
त्याच जागी, केसाचाही फरक नाही,
जिथे खडक त्याच्या कडेपुरता झिजलाय
आणि त्याची कड खडकापुरती.
ती लिहिते,
कुणी कुणाला घडवलं हा हिशेब मला लागला नाही,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
तो लावावासाही वाटला नाही.

बस. एवढंच घडतं.
चार तास लागतात, आणि भरती तिचा एक बूट नेते.

तू म्हणशील, लिंपेट तर मी आमिषाला लावायचो,
बादली बादली, चाकूच्या टोकाने उचकटून.
माहीत आहे. म्हणूनच तुला देतेय.
सत्तर वर्षं डोळ्यांसमोर होतं
म्हणजे पाहून झालं, असं थोडंच असतं.

आणि घाबरू नकोस, शेवटी ती संतबिंत होत नाही.
बहिणीशी भांडतेच. सिगारेटही सुटत नाही.
फक्त दार आपटायच्या आधी
तिचा हात आता क्षणभर कडीवर थांबतो.
तीनशे पानांत एवढाच बदल.
मला तो पुरेसा वाटला.

माझं म्हणशील तर, गचरच्या धक्क्यावर
बोटीची वाट बघताना मी हल्ली इंजिन बंद करते.
रेडिओसुद्धा.
परवा ओस्लाने काच ठोठावून विचारलं, गाडी बिघडली का?
मी म्हटलं, हो.

बोट विकल्यापासून तू खुर्ची भिंतीकडे वळवून बसतोस,
हे मी बोलणार नव्हते.
बोलले. आता इथे सही कर.

*

पाच आठवड्यांनी आलं पुस्तक.
दंडाची चिल्लर त्याने मोजून काउंटरवर रचली.
कसं होतं?
"ठीक. खुनी लवकर कळतो."
आणि दोन खुनाच्या कादंबऱ्या घेऊन गेला.

धक्क्यावर उघडून पाहिलं.
शिवणीत वाळू,
एकसष्टाव्या पानावर खारट पाण्याचा गोल डाग,
समासात बोथट पेन्सिल, जाळ्याच्या गाठींसारखी अक्षरं:
डावीकडून. आमच्या उत्तरेच्या खडकावरचे
डावीकडून परततात. नऊ रात्री पाहिले.
खाली, बारीक:
एक आला नाही. वाट पाहिली.

नियम असा, की वाचकांच्या खुणा खोडायच्या.
त्यासाठी खणात एक रबर असतो.
तो मी काढला, थोडा वेळ हातात ठेवला,
आणि होता तिथे ठेवून दिला.

परतीच्या फेरीत पुस्तक ग्रिझेलला देईन.
तिला सांगेन, एकसष्टपासून सुरू कर,
आणि समास आधी वाच.